मोहाखाली

फेब्रुवारी संपता संपता
रामबागेतल्या तीन गल्ल्या मी पालथ्या घातल्या.
जुनी लुगडी असतील तर द्या, म्हटलं,
विटकी चालतील, उसवलेली चालतील,
सुती हवीत फक्त.
बदल्यात भांडं मिळणार नाही.

दिघेवहिनींनी दारातूनच विचारलं,
आता या वयात कुणाला नेसवताय?
झाडाला, म्हटलं.
त्या आत गेल्या त्या गेल्याच.
आल्या तेव्हा हातात महेश्वरी, काठाला लाटा,
पदराखाली हळदीचा डाग, बशीएवढा.
हा जात नाही, म्हणाल्या. सगळं करून झालं.

मी मिलच्या घडीखात्यातला माणूस.
चौदा वर्षं दुसऱ्यांच्या कापडाला घड्या घातल्या.
अजूनही चिमटीत धरलं की सूत कळतं.
बेचाळीस लुगडी, दोन गाठोडी,
सरवट्यावरून खंडव्याची बस.
भिया, बारात किधर? कंडक्टर म्हणाला.
सिमरोळ मागे पडलं की रस्ता वळायला लागतो
आणि कानात दडे बसतात.

मोहाचं फूल रात्री गळतं, पहाटेपर्यंत,
आणि खाली सगळा पाचोळा.
वेचायचं कसं? म्हणून काडी लावतात.
पाचोळा जळतो, जमीन काळी होते,
काळ्यावर फिकट फूल लांबूनही दिसतं.
आग तेवढ्यावर थांबती तर कुणाचं काही म्हणणं नव्हतं.
ती डोंगर चढते.
वाटेत सागाची वीतभर रोपं, धावड्याची,
चकोत्रीची अंडी.

पहिल्या वर्षी थावरी माझ्यावरच उखडली.
तुमचं शहर देशात सगळ्यात स्वच्छ ना?
मग पाठवा तुमच्या गाड्या इथं पाचोळा न्यायला,
त्या गाणं वाजवत येतात त्या.
माझं चार महिन्यांचं तेल-मीठ या फुलावर आहे.
मला उत्तर सुचलं नाही.
गाठोडं सोडलं.

लुगड्याला लुगडं, चार खुंट्या,
कमरेएवढ्या उंचीवर झोळी.
पहाटे चारला टप्.
मग बराच वेळ काही नाही.
मग टप् टप्.
उजाडलं तेव्हा दिघेवहिनींच्या डागावर सात फुलं होती.
मी मोजली.

यंदा तिसरं वर्ष.
आमखेडीच्या चढावर वणवा एकदाच आला,
तोही पलीकडून, पोरांनी फांद्यांनी झोडपून विझवला.
रोपं आता गुडघ्याला लागतात.
आणि सोमवारी पाहतो तर
थावरीच्या मोहावर पिवळा आकडा. अकराशे त्रेसष्ट.
शेजारच्या सालईवर अकराशे चौसष्ट.
रस्ता चौपदरी होणार आहे.

हा रंग माझ्या ओळखीचा.
मिल बंद झाली तेव्हा मागांवर असेच आकडे घातले होते,
माझ्या टेबलावरसुद्धा. दोनशे सात.
तेव्हा आम्ही ते नुसते वाचले.

या वेळी वही आणली आहे.
त्यांच्या यादीत मनगटाहून बारीक असेल ते झाड नसतं.
म्हणून मी आणि थावरीचा नातू रेमसिंग
गुडघे टेकून ती न धरलेली मोजतो आहोत,
साग चारशे बारा,
धावडा अजून संपायचाय.
एकाला तर दोनच पानं.
धरू का? विचारतो.
धर.

हरकतीच्या अर्जावर शिक्का बसला.
सुनावणी कलेक्टर कचेरीत, अठरा तारखेला, अकरा वाजता.
थावरीला म्हटलं, चल, तू बोल.
त्या दिवशी फुलं पडतात का?
पडतात.
मग तूच जा, म्हणाली,
आणि लुगड्याचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं,
घडी घालायला.