रकाना अकरावा

करारावर सह्या झाल्या तेव्हा मी पाणी वाटत होतो.
विद्यापीठाकडून दोघे, पालिकेकडून मुख्याधिकारी,
मध्ये टेबलावर अबोलीचा गुच्छ,
प्लास्टिकात गुंडाळलेला.
कुणी हसलं नाही.
नंतर साहेब म्हणाले, "प्रियोळकर, तुम्ही बसा त्यांच्याबरोबर आठ दिवस.
तुम्हाला फोंड्याच्या गल्ल्या ठाऊक."

मार्केटमागच्या शेडमध्ये निळी ताडपत्री.
चाळीस घरांच्या पिशव्या, नावं नाहीत, फक्त आकडे.
"माणूस कळता कामा नये," डॉ. केंकरे म्हणाल्या,
"कचरा कळला पाहिजे."
अकरा रकान्यांचा कागद. सगळं ग्रॅममध्ये.

सुकांती वेळीप सोळा वर्षं वेचते आहे.
पिशवी नुसती उचलली की तिला कळतं
काल रविवार होता की एकादशी.
पहिल्याच दिवशी तिनं काम अडवलं,
ओंजळीत तिसऱ्यांच्या शिंपल्या घेऊन:
"हीं खंय घालूं? ओलीं न्हय, सुकीं न्हय."
आग्नेलो, पीएचडीचं दुसरं वर्ष, कागद उलटून पाहत राहिला.
"म्हजो मामा चुनो भाजतालो हांचो," ती म्हणाली.
चुन्याला रकाना नव्हता.
शिंपल्या अकराव्यात गेल्या. इतर.

मग इतरमध्ये जमतच गेलं काय काय:
तान्ह्या बाळाचा एकच वाळा,
देवाच्या फोटोची चौकट, फोटोशिवाय,
कुणाच्या तरी लग्नाच्या दोनशे कोऱ्या पत्रिका.
"ह्या कागदात येतात खरं तर," आग्नेलो म्हणाला.
पण त्या कुणी हलवल्या नाहीत.

पाचव्या दिवशी एकतीस नंबर.
सुकी पिशवी, गाठ दुहेरी, आतून ओढून घेतलेली,
फेरीबोटीचा दोर खुंट्याला बांधतात तशी.
ती गाठ मी ओळखली.
तेहतीस वर्षं दुर्भाटच्या धक्क्यावर दोर फेकलेले हात.
सुटेना. आग्नेलोनं कात्री लावली.

आत दुधाच्या पिशव्या, धुऊन, घडी घालून.
वर्तमानपत्र, शब्दकोडं अर्धं सुटलेलं.
आणि तळाशी, रबरबँड लावून,
रक्तदाबाच्या गोळ्यांच्या नऊ पट्ट्या.
एकही गोळी फोडलेली नाही.

"काय सुंदर वर्गीकरण!" एक विद्यार्थिनी खूश झाली,
"अख्ख्या आठवड्यात असं घर पहिलं."
तिनं मुदत वाचली, काट्यावर ठेवलं, लिहिलं:
औषधे, न वापरलेली. एकशे आठ ग्रॅम. इतर.
मी काही बोललो नाही.
माणूस कळता कामा नये, असं ठरलं होतं.
सुकांतीनं एकदा माझ्याकडे पाहिलं,
रबरबँड मनगटात घातलं
आणि बत्तीस नंबर ओढला.

महिन्यानं पालिकेच्या सभागृहात पडदा, रंगीत वर्तुळ.
ओल्याचा तुकडा मोठा, हिरवा.
एका नगरसेवकानं विचारलं, "हें इतर म्हळ्यार कितें?"
केंकरे जरा थांबल्या. म्हणाल्या,
त्यासाठी लोकांच्या घरी जाऊन बसावं लागेल.
करार वर्षानं वाढला.
तिस्कावर, दवाखान्याच्या दाराशी,
औषधांसाठी वेगळा डबा ठेवायचं ठरलं.
इतिवृत्त मीच लिहिलं.

पाचव्या दिवसाची संध्याकाळ त्यात नाही.

बाबा पायरीवर, पाव चहात बुडवत.
"कितें मेळ्ळें रे आज कोयरांत?"
"तिसऱ्यांच्यो शिंपल्यो."
"आनी?"

मी नवी पट्टी फोडली,
पेल्यात पाणी आणलं, गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली.
बराच वेळ ते तिच्याकडे पाहत राहिले,
पलीकडच्या तीरावरून कुणी हाक मारतंय का
हे ऐकावं तसं.

मग म्हणाले, "गांठ सुटली तुमकां?"

"ना," मी म्हणालो. "कापची पडली."