उन्हातच

फलज अल कबाइलच्या गल्लीत, टायरवाल्याच्या वर,
निळा पडदा, एक स्टूल,
साखळीला बांधलेला कंगवा.
बताक्याची मुदत संपत आली की मी इथे येतो,
दोन वर्षांतून एकदा,
हनुवटी जरा वर, श्वास धरून.

अनीसने स्क्रीनवर माझा चेहरा मोठा केला
आणि माऊसचा बाण कानशिलाशी नेऊन थांबवला.
"भाई, ये काला कर दूँ? पैसा नहीं लगेगा."

वाकून बघितलं.
आधी वाटलं धूळ असेल,
शेडमधली, पिठासारखी,
जी कॉलरवर, भुवयांवर, डब्याच्या झाकणावरही बसते.
बोट ओलं करून पुसलं.
धूळ नव्हती.
एक, दोन, चार, मग मोजणं सोडलं.

आमच्याकडे केस पिकतो म्हणतात.
आंबाही पिकतो, पण अढीत, पेंढ्याच्या उबेत,
आणि आई रोज हात घालून चाचपायची
कुठला मऊ झाला, कुठला अजून कडक.
मी वरच्या खाटेवर, एसीच्या अठरा अंशांत,
कुणी न चाचपता
आपला आपण पिकत होतो.

खोलीतला सत्यवान म्हणाला, पाण्याचा दोष.
समुद्राचं पाणी आत घेतात, मीठ काढतात,
तेच आपण डोक्यावर ओततो.
मग काढलेलं मीठ जातं कुठे, मी विचारलं.
त्याने माझ्या कानशिलाकडे बघितलं
आणि हसत खुबूस मोडली.

आबा म्हणायचे,
"हे केस काय उन्हात पांढरे नाही केले!"
बांधाच्या भांडणात, लग्नाच्या बोलणीत,
एकदा तर एसटीच्या कंडक्टरला, सुट्ट्या पैशांवरून.
मला ते वाक्य हवं होतं.
घड्याळ नको, जमिनीचा तुकडा नको,
एक दिवस ते वाक्य आपलं होईल
असं धरून चाललो होतो.
आता केस आले आणि वाक्य हातचं गेलं,
कारण माझे उन्हातच झाले.
जूनमध्ये साडेबाराचा भोंगा होईपर्यंतच्या उन्हात,
पाइपांच्या मचाणावर,
जिथे पान्हा हातमोज्यातूनही चावतो.

रात्री फोनवर सुगंधाला दाखवलं,
दिवा जवळ ओढून.
वाटलं, हसेल.
ती म्हणाली थांब,
फोन डब्याला टेकवून उभा केला,
केसांचा चाप काढला
आणि दोन बोटांनी भांग उघडला.
आत पांढरी पाऊलवाट, चांगली रुळलेली.

"कधीपासून?"
"ऋजू तिसरीत होती."
ऋजू आता नववीत.
"मला कसं दिसलं नाही मग?"
"तू येणार कळलं की आदल्या रविवारी लावते.
तुझे तीस दिवस निभतात तेवढ्यात."

हिशोब करायचा नव्हता, झाला.
सहा वर्षं, तीन सुट्ट्या, नव्वद दिवस.
नव्वद दिवस मी एका काळ्या केसांच्या बाईचा नवरा होतो.
बाकीचे दिवस ती दुसरी कोण होती,
जी सिलिंडर लावून घेत होती,
पालकसभेत मागच्या बाकावर बसत होती,
आरशासमोर एकटीच
मेंदीची वाटी धरून?

अनीसला काय सांगितलं ते राहिलंच.
राहू दे, म्हणालो.
त्याने खांदे उडवले आणि चार प्रती कापल्या.
ऑफिसला तीनच लागतात.
चौथी पाकिटात आहे,
तिच्या लग्नातल्या फोटोच्या मागे.

पहाटे बस खाली हॉर्न देतेय.
"या वेळी लावू नकोस" एवढं लिहिलं, पुसलं.
"लावलंस तरी चालेल" लिहिलं, तेही पुसलं.
तिकडे ती उठली असेल, डबा करत असेल,
आणि ओट्यावरच्या फोनवर तिला दिसत असेल
मी लिहितोय,
लिहितोय,
लिहितोय.