वजाबाकी

वाल्पाराइसोच्या चढावर, गंजक्या पत्र्याच्या घरात
निबाल्दोनं आईसाठी चार ओळींचा प्रोग्राम लिहिला:
पेटंट संपायला उरलेले दिवस.
रोज सकाळी आकडा एकानं उतरतो.

एर्मेलिंडा चष्मा पुसून तो वाचते,
मग पावाच्या सुरीनं
गोळीचे दोन तुकडे करते.
एक आजचा.
चुराही बोटानं टिपून जिभेवर.

एकशे बारावर आलं होतं.
परवा कंपनीनं गोळीला नवा लेप चढवला,
हाही शोधच म्हणे.
निबाल्दोनं तारीख बदलली.
दोन हजार तीनशे चार.

आई बराच वेळ बघत राहिली.
“तुझ्या प्रोग्रामात काहीतरी चुकलंय रे.”

नाही म्हणवेना त्याला.
“बघतो,” म्हणाला,
आणि त्याच चार ओळी वाचत बसला
खाली बंदरातले दिवे मालवेपर्यंत.