वॉकर नंबर चार

सेलूत, मुनीर सायकल मार्टच्या मागं
आमचं रुग्णसाहित्य केंद्र:
दोन कमोडच्या खुर्च्या,
हवेची एक गादी, पंप बिघडलेला,
आणि वॉकर. खरं तर तीनच, पण नंबर चारपर्यंत.

अनामत शंभर. भाडं नाही.
वही मी लिहितो, खाडाखोडही माझीच.

चार नंबर आधी कुंभार गल्लीत होता,
मग वालूरला गेला, टमटमच्या टपावर बांधून.
तिथून आला तर पायांना नव्या रबरी टोप्या.
पैसे विचारले. "असू द्या," म्हणाला पोरगा,
अनामतही न घेता गेला.
रशीदाबींच्या घरून आला तेव्हा
मुठीवर जांभळ्या ओढणीची पट्टी,
घट्ट, सुईदोऱ्यानं टाचलेली.
मी 'परत'खाली तारीख टाकली.
का परत, याला रकाना नाही.
बरंय.

परवा माय मोरीत पडली.
सकाळी कुलूप काढून
माझंच नाव लिहिलं,
'जामीन कोण' पाशी अडलो.
पंक्चर काढता काढता मुनीर म्हणाला,
"माझं टाक की."

आता माय दारात उभी,
पट्टी चाचपत.
"कुनी शिवली रे ही?
टाका बारीक हाय."
आणि नजरेनं
उंबरा मोजते.