नमुना एक्केचाळीस

चमचा एकच. चांदीचा, लांब दांड्याचा,
आतला सोनेरी मुलामा ओठांनी झिजलेला.
पाद्री ओनिसिमेंनी स्वतःच तो फडक्यातून काढून दिला.
"धुतलेला नाहीये," म्हणाले. "तुला तसाच हवा ना?"
मी कापसाचा बोळा फिरवला,
नळीवर चिकटपट्टी लावून लिहिलं: एक्केचाळीस.

त्या हिवाळ्यात रिओनीकाठी वीज नव्हती.
दिवसाकाठी दोन तास यायची, तीही चुकून आल्यासारखी.
घटसर्पाची अकरा मुलं इस्पितळात होती,
दोन आता नव्हती.

जंतू वाढायला सदतीस अंश ऊब लागते.
आमचं उबवणीचं कपाट गारठलेलं,
त्यात आम्ही कांदे ठेवत होतो.
म्हणून नळ्या मी घरी आणल्या,
लोकरी मोज्यात घालून पोटाशी बांधल्या
आणि दोन रात्री कूस न बदलता पडून राहिले.
आई म्हणाली, "तू पोटात होतीस तेव्हा मीसुद्धा अशीच..."
मग मोज्यात काय आहे ते कळल्यावर गप्प झाली,
आणि पांघरुणावरूनच माझ्या पोटावर क्रूस काढला.

शुक्रवारी सकाळी त्या नळीत
खसखशीएवढे राखाडी ठिपके.

सभेत मी फार काही मागितलं नाही.
दर माणसामागे चमचा उकळत्या पाण्यात बुडवा,
नाहीतर महिनाभर थांबा.
नगराध्यक्ष जेमाल उठले,
बोलण्याआधी तीनदा क्रूस काढला.
(सात वर्षांपूर्वी त्याच चर्चमध्ये सिमेंटची पोती रचून
किल्ली खिशात टाकणारे हेच.)
"बाई, वीज होती?"
"नव्हती."
"मग उबवलंत कशावर?"
मी सांगितलं.
बाकांवर हसू पिकलं.
"म्हणजे आम्ही तुमच्या पोटावर विश्वास ठेवायचा,
आणि देवाच्या रक्तावर नाही!"
टाळ्या पडल्या.

उत्तर होतं माझ्याकडे:
बांधा ना, जेमाल, हीच नळी तुमच्या पोटाला.
तिथंही तेच उगवेल.
तुमच्या, माझ्या, न मानणाऱ्याच्यासुद्धा.
एवढाच तर फरक आहे.
पण हे मला घरी पोचून बूट काढताना सुचलं.

मागच्या बाकावरून नाटेला उठली. त्या दोनातल्या एकाची आई.
"माझ्या बेकाचा बाप्तिस्माच राहिला होता," म्हणाली,
"त्यानं कधी त्या चमच्याला तोंड लावलं नाही.
मग त्याला कुठून आलं?"
तिनं विचारलं माझ्याकडे बघून,
पाद्रींकडे नाही.
शाळेतला पेला असेल, कुणाची तरी उष्टी भाकरी असेल.
"असेल" हा शब्द तिच्यापुढे उच्चारवेना.

रविवारी रांग नेहमीएवढीच.
देवाचं उष्टं होत नाही, असं आई मानते.
हात छातीवर फुलीसारखे, हनुवटीखाली लाल फडकं.
प्रयोगशाळेत मी नावं पुसून आकडे लावते;
इथं तोंड उघडण्याआधी आपलं नाव सांगायचं असतं.
"त्सिआला," आई म्हणाली, आणि पाखराच्या पिलासारखा आ केला.
तिच्या पुढचा पोस्टमन खोकत होता. मी मोजत होते.
मी रांगेत नव्हते. रांगेपासून लांबही नव्हते.

शेवटी पेल्यात उरेल ते पाद्रींनी संपवायचं,
थेंबही ठेवायचा नाही, असा नियम.
त्या दिवशी वेदीचा पडदा नीट ओढलेला नव्हता.
शंभरावर माणसांच्या ओठांमागचं ते उरलेलं
हातात धरून ओनिसिमे उभे राहिले, जरा जास्तच वेळ.
त्यांना एक्केचाळीस ठाऊक होतं,
सर्वांत आधी मी त्यांनाच सांगितलं होतं.
मग त्यांनी पेला उचलला. हात थरथरला.

वयानं असेल. गारठ्यानं असेल.
नोंदवहीत त्याला रकाना नाही.
मी समासात लिहून ठेवलं:
अकरा वाजून वीस मिनिटं.
उजेड मेणबत्तीचा.
पूर्ण प्यायले.