सबक, कुलरच्या सीझनात

पहाटे पावणेपाचला मोमिनपुऱ्यातली हवा
थोडा वेळ माणसासारखी वागते.
तेवढ्यात जमेल तेवढं.
गच्चीवर चटई, रेहल,
समोर झुनैरा, वय दहा,
बोट ओळीवर, डोळे अर्धे मिटलेले,
आणि मी, तिचा त्रेचाळीस वर्षांचा विद्यार्थी.
बारावा पारा, सूरह हूद.

अकरा पारे लहानपणीच झाले होते.
मग अब्बा गेले,
आणि रेहल मिटून हातात पक्कड आली.
पुढची तीस वर्षं मी ते अकरा पारे
कपाटातल्या डब्यात ठेवलेल्या पैशांसारखे धरून चाललो:
आहेत म्हणून.
डबा उघडला तर चार उरलेले,
तेही मधूनमधून कसर लागलेले.

हिवाळ्यात बरं चाललं. रोज अर्धं पान.
पण इकडे होळी जळते
आणि तिकडे माझा फोन पेटतो.
भाऊ, पंप पाणी फेकत नाही.
भाऊ, पातं घासते, रातभर झोप नाही.
भाऊ, घरी लहान लेकरू आहे, आजच या ना.
मानेवाडा, जरीपटका, परत मानेवाडा.
तापलेल्या पत्र्यावर उकिडवं बसून
क्षाराने बुजलेल्या नळ्या फुंकायच्या.
रात्री अकराला घरी येतो तेव्हा
जीभ वाळलेल्या ताटीच्या गवतासारखी.

एक दिवस चुकला, दिवसभर चुटपुट.
तिसऱ्याला कारण सापडलं.
दहाव्या दिवशी कारणसुद्धा लागलं नाही.
असे तेवीस.

हाफिज नुसरतुल्लाह साहेबांसमोर
मान घालून बसलो.
त्यांनी पान खाल्लं, चुना बोटाला पुसला,
म्हणाले, नवा सबक बंद. आमोख्ता आणा. जुनं.
रोज तीन ओळी.
तीनच?
सीझन आहे ना तुमचा, म्हणाले.

तीन ओळी खिशात ठेवता येत नाहीत,
तोंडातच ठेवाव्या लागतात.
परवा दिघोरीत मोटर भरताना
तांब्याच्या तारेचे वेढे मोजत होतो
आणि एकशे ऐंशीच्या पुढे कुठेतरी
आकडा निसटला, ओळ आठवली.
काहून थांबले भाऊ? बाईंनी विचारलं.
मोजणी चुकली, म्हटलं,
आणि सगळी तार उकलून
पहिल्या वेढ्यापासून सुरू केलं.
बाईंना वाटलं हा माणूस नवखा आहे.
खोटं नव्हतं ते.

आज पहाटे हजरत सालेहच्या कौमपाशी पोचलो.
उंटिणीला मारलं त्यांनी, तीन दिवस मिळाले,
मग सकाळ, आणि सगळे घरात पालथे.
मी पुढे चालत राहिलो.
चाल छान लागली होती, आवाजही लागला होता,
एक आयत, दोन, चार,
आणि मग आठवलं
की आतापर्यंत हजरत इब्राहीमच्या दारात
पाहुणे यायला हवे होते.
पाहुण्यांचा पत्ता नाही.
मी तर हजरत लूतच्या गावात उभा!
हूदमधून निघालो होतो
आणि नकळत आराफमध्ये शिरलो होतो,
इतवारीतली एक गल्ली धरावी
आणि भलत्याच चौकात निघावं तसा.

झुनैराने टोकलं कसं नाही?
ती झोपली होती. बसल्या बसल्या,
बोट तसंच ओळीवर.

म्हणजे टोकणारं दुसरं कुणीतरी होतं.
तीस वर्षं धूळ खात पडलेलं,
नीट ऐकू येत नसलेलं,
पण दारातल्या पाहुण्यांची वाट बघणारं.

मागे गेलो. कुठे पाय घसरला ते शोधलं.
आराफमध्ये तो शब्द एकवचनी आहे, घर.
हूदमध्ये घरं.
आपल्या भाषेत तर नुसत्या एका टिंबाचा फरक.
घरं, मी पुटपुटलो.
मुळातला शब्द दोनदा म्हटला, मग पुढची ओळ,
आणि जिथे तिचं बोट ठेवलेलं होतं
तिथे बरोब्बर येऊन थांबलो.

खिशात फोन थरथरला. जरीपटका असणार.
उजाडायला लागलं होतं, पत्रा तापायला अजून वेळ होता.
एक ओळ झाली.
दोन राहिल्या.