साधारण कौशल्याचा माणूस

माझ्या यंत्रावर 'उघड' या शब्दाला एकच ठोका लागतो.
सोमवारपासून तो दोनशे चौदा वेळा दिला.
विल्मिंग्टनच्या कोर्टात, तिसऱ्या मजल्यावर,
न्यायाधीशांच्या पायाशी मी बसते
आणि माझ्या बोटांना मत नसतं.

खटला खिडकीच्या पडद्याचा.
बाहेर दोरी नाही. पट्टी धरून ओढायचा,
सोडाल तिथे थांबतो.
एवढंच.
ज्युरीतला बसचालक जांभई देतो,
ती लिहायची नसते.

लॅथ्रॉप वकीलबाईंनी दोन जुनी पेटंटं मांडली:
एकात मोजपट्टीची स्प्रिंग,
दुसऱ्यात मासेमारीच्या रिळाचा ब्रेक.
"हे घ्या, हे घ्या," तळहातावर तळहात,
"साधारण कौशल्याच्या माणसाला
जेवणाच्या सुट्टीत सुचलं असतं."

हा साधारण माणूस मला तेवीस वर्षं माहीत आहे.
जगात छापलेलं सगळं त्याने वाचलंय,
जर्मन, जपानी, सतराव्या पानावरची तळटीपसुद्धा.
स्वतःहून त्याला काही म्हणजे काही सुचत नाही.
भाडं थकत नाही, पाठ धरत नाही.
प्रत्येक खटल्यात हजर,
आणि अजून कुणी त्याला शपथ दिलेली नाही.

शपथ दिली व्हर्लिन डायखाउसला.
मिशिगनचा, एकाहत्तरचा, उजव्या अंगठ्याला नख नाही.
हळू बोलतो, माझ्यासाठी बरं.
"पडदा खाली येतो तसा आतल्या दोऱ्यांवरचा भार घटतो
आणि स्प्रिंग नेमकी तेव्हाच जोर धरते.
दोघांचं पटतच नाही.
रात्री खाली सोडलेला पडदा
पहाटे आपला आपण वर गेलेला.
अकरा वर्षं, गॅरेजात."

"ही पेटंटं तुम्ही वाचली नव्हती?"
"दोन्ही वाचली होती."
"मग अकरा वर्षं कशाला लागली?"

मी लिहिलं: साक्षीदार गप्प.
कळसा सापडला की तो काखेतच होता
हे सगळ्यांनाच आठवतं,
शोधणाऱ्यालासुद्धा. तोच घोटाळा.

मग तो म्हणाला,
"शेजारचा ट्युनिस दोन वर्षांचा होता.
पडद्याची दोरी पाळण्यापर्यंत पोचायची."
हरकत. मान्य.
ज्युरीने हे वाक्य ऐकलंच नाही असं समजावं.
बसचालक ताठ बसला होता.
वगळलेलं वाक्य माझ्या कागदावर मात्र राहतं,
नियमच तसा आहे;
'वगळले' हा शब्द त्याच्या खाली येतो, वर नाही.

निकाल शुक्रवारी. मला तो सर्वांत आधी टाइप करायचा,
सर्वांत शेवटी समजायचा.

रात्री भांडी घासून झाल्यावर
स्वयंपाकघरातला पडदा ओढला.
स्वस्तातला, कुणाच्या कंपनीचा बघितलं नव्हतं कधी.
निम्म्यावर आणून हात सोडला.
थांबला.
पुन्हा ओढला, पुन्हा सोडला, तीनदा, चारदा.
थांबला.
आणि खोटं कशाला सांगू,
मला त्यात काही नवल वाटेना.